अष्टमीची वाळू: कोल्हापूरच्या २६ जणांची मालवण ते शिरोडा पायी वाट

गट कोल्हापूरचा. सव्वीस माणसं, त्यात नऊ महिला, वय १९ ते ६३. बहुतेकांची पन्हाळा ते पावनखिंड मोहीम दोनतीनदा झालेली, म्हणजे जुलैचा पाऊस, मसाई पठारावरचं धुकं, शेतवडीतला चिखल आणि अंगावर वाळणारे कपडे हे सगळं पचवलेलं. ती वाट पन्नास किलोमीटरच्या आसपास, दोन दिवसांची. मालवण ते शिरोडा किनाऱ्याने मोजलं तर तेही पन्नासच्या घरात जातं. शिवाय दोनऐवजी तीन दिवस हाताशी, चिखल नाही, मोठा चढ नाही. बैठकीत "हे म्हणजे रंकाळ्यावर फिरायला गेल्यागत आहे" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं.

पूर्ण वाट पायी संपवली ती नऊ जणांनी. अपघात नाही, भांडण नाही, पावसाचा थेंब नाही, तरी सतरा जण कुठे ना कुठे गाडीत बसले. हे का झालं आणि तीच वाट तोच गट कशी चालू शकतो, हे इथे मांडलं आहे.

वाट

पहिला दिवस मालवण बंदरापासून. दांडी, वायरी, तारकर्ली करत देवबागच्या टोकापर्यंत अकरा-बारा किलोमीटर सलग वाळू. देवबाग ही जमिनीची चिंचोळी पट्टी आहे, एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्ली खाडी. टोकाला दोन्ही मिळतात आणि वाट संपते. तिथून होडीने पलीकडे भोगवे आणि पुढे निवती, आणखी पाच-सहा किलोमीटर, पण मध्ये डोंगराची सोंड समुद्रात उतरलेली.

दुसरा दिवस निवती, खवणे, केळूस, वायंगणी, दाभोली, वेंगुर्ला. वीस किलोमीटरच्या आसपास आणि तिन्ही दिवसांत सगळ्यात अवघड, कारण हा किनारा तुकड्यातुकड्यांचा आहे. थोडी वाळू, मग जांभ्याचा कडा, वर सडा (म्हणजे कातळाचं सपाट माळ), उतरलं की खाडी किंवा व्हाळ (ओढा), पुन्हा वाळू. तिसरा दिवस वेंगुर्ला, सागरेश्वर, मोचेमाड, आरवली, शिरोड्याची वेळागर. पंधरा-सोळा किलोमीटर, सुरूच्या बनांच्या कडेने, सोपा.

तारीख कशी ठरली

१९ फेब्रुवारीची शिवजयंतीची सुट्टी सोमवारी आली होती. शनिवार-रविवार जोडून तीन दिवस मिळाले, रजा टाकायला नको. कॅलेंडरवर लाल आकडे बघितले, त्याच चौकोनातली बारीक अक्षरातली तिथी कुणी वाचली नाही. शनिवारी माघ शुक्ल अष्टमी होती, रविवारी नवमी, सोमवारी दशमी.

किनाऱ्याने चालणाऱ्याला तिथी का लागते, ते आधी सांगायला हवं, कारण देशावर आपल्याला तिची गरज उपासापुरतीच. दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात (ओहोटीला मालवणात सुकती म्हणतात). भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या जवळपास जातात आणि रोज ही वेळ पाऊण तास ते पन्नास मिनिटं पुढे सरकते. जुना ठोकताळा असा: त्या पंधरवड्यातल्या तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. हा हिशेब मुंबईकडचा. भरतीची लाट किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याला अर्धा-पाऊण तास वजा करायचा. म्हणजे अष्टमीला पहाटे साडेपाचच्या आत भरती आणि ओहोटी साडेअकराच्या सुमारास, ऐन उन्हात. ठोकताळा तारीख निवडण्यापुरता बरा आहे. निघायच्या आदल्या दिवशी मात्र त्या बंदराचं छापील किंवा मोबाइलवरचं भरतीचं कोष्टक बघायचंच, कारण अष्टमी-नवमीला हा अंदाज आणखी ढिला पडतो आणि दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या खोल नसतात.

दुसरी गोष्ट पाण्याच्या उताराची. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाण असतं: पाणी खूप चढतं आणि खूप मागेही जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी ना धड चढत ना धड उतरत. उधाणाच्या सुकतीला तारकर्लीला ओल्या, टणक वाळूचा रुंद पट्टा मोकळा होतो, त्यावर सायकल चालते. भांगाला तोच पट्टा काही पावलांचा राहतो. सव्वीस माणसं त्या पट्टीवर एकामागे एक चालतात किंवा मग वरच्या भुसभुशीत वाळूत जातात.

आणि भुसभुशीत वाळू हा काही किरकोळ त्रास नव्हे. कोरड्या वाळूत चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. पाऊल मागे घसरतं, टाच रुतते, पोटरी सुटत नाही. टणक वाळूवर ताशी साडेचार किलोमीटर जाणारा माणूस कोरड्या वाळूत अडीचवर येतो. नकाशावरचे पन्नास किलोमीटर म्हणजे पन्हाळ्याकडचे पन्नास नव्हेत, हे इथे कळतं.

पहिला दिवस

शुक्रवारी रात्री दहाला कोल्हापूर सोडलं, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली करत मालवणला पोचायला पावणेतीन. साडेसहाला उठले. चहापोह्यानंतर ठरलं की शिवजयंतीच्या तोंडावर आलोय तर सिंधुदुर्ग बघूनच निघू. १६६४ साली पायाभरणी झालेला हा किल्ला बघायलाच हवा, त्यात वाद नाही. पण सलग सुट्टीच्या शनिवारी बंदरावर होडीला रांग असते. किल्ला बघून परत यायला साडेदहा झाले. गार वेळ सगळी किल्ल्यात गेली आणि पहिलं पाऊल दहा पन्नासला पडलं. किल्ला आदल्या दुपारी बघायचा, नाहीतर वेगळ्या फेरीत.

दांडीच्या किनाऱ्यावर रापण लागली होती. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ मारते, जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडे माणसांच्या ओळी मागे सरत सरत ते ओढतात. दोर पाण्यापासून वर वाळूपर्यंत ताणलेला, कुठे घोट्याएवढा, कुठे कमरेएवढा. ओढ पडली की तो एकदम उसळतो. गटातले पुढचे चौदा जण दोर ढिला असताना पार झाले होते. मागचे बारा पोचले तेव्हा दोर ताठ झालेला. दोघांनी त्यावरून टांग टाकली आणि योग्य ते ऐकून घेतलं. बाकीचे पंचवीस मिनिटं थांबले. चूक थांबण्यात नव्हती. रापणीला थांबायचंच असतं, हात लावला तर आणखी चांगलं. चूक ही की पुढच्यांना ते कुणी कळवलं नाही, आणि ते तारकर्लीच्या दिशेने चालतच राहिले.

इथून गट फुटला तो रात्रीपर्यंत जुळला नाही. ताशी साडेचारने जाणारे आणि साडेतीनने जाणारे दोन तासांत आपोआप दोन किलोमीटर दूर होतात, त्यात हे पंचवीस मिनिटांचं अंतर. शिवाय थांबण्याची नेहमीची चूक: पुढचे सावली बघून बसतात, दहा मिनिटांनी मागचे येताना दिसले की "चला, आले सगळे" म्हणत उठतात. मागचा माणूस दिवसभर बसतच नाही, आणि खरं तर विसाव्याची गरज त्यालाच जास्त. थांब्याचं घड्याळ शेवटचा माणूस पोचल्यावर सुरू करायचं, हा नियम कागदावर नको, पुढच्या माणसाच्या डोक्यात हवा.

तारकर्लीत जेवून अडीचला निघाले. ओहोटी होऊन तीन तास झालेले, टणक पट्टी पाण्याखाली जायला लागलेली. देवबागच्या टोकाला पहिला माणूस सव्वाचारला. होडी सांगून ठेवलेली नव्हती, "तिथे शंभर होड्या असतात" या भरवशावर. होड्या होत्या, पण सगळ्या पर्यटकांच्या फेऱ्यांत अडकलेल्या. एक मिळाली, तिच्यात दहा माणसं. तीन खेपा, प्रत्येक वेळी लाइफ जॅकेटं काढून परत पाठवायची, शेवटची खेप भोगव्याला लागली तेव्हा पाच पन्नास. भरतीची वेळ. वाळू अरुंद, उतरती आणि मऊ. निवतीच्या सोंडेच्या पायथ्याशी खडकांवर शेवाळ आणि वर लाटा, म्हणून खालची वाट बंद. सड्यावरून जाणारी पायवाट कुणाला माहीत नव्हती, ती मोबाइलच्या उजेडात शोधली. मुक्कामाच्या घरी पहिला माणूस आठ दहाला, शेवटचा नऊ वीसला. जेवण साडेसातला मांडलेलं होतं, घरच्या वहिनींनी ते दोनदा गरम केलं.

पाय

रात्री पाय बघितले तेव्हा सात जणांना फोड होते. फोड येण्याची कारणं वेगवेगळी होती, ती नीट बघण्यासारखी आहेत.

चौघांनी बूट-मोजे घातले होते. लाट एकदा बुटात शिरली की मोजा ओला, त्यात वाळू, आणि मग टाचेवर पॉलिश पेपर घासल्यासारखं दिवसभर चालू राहतं. दोघं "ओल्या वाळूत अनवाणी बरं" म्हणत सात किलोमीटर गेले होते. अनवाणी दोन-तीन किलोमीटर छान वाटतं, पुढे पाण्याने मऊ झालेली कातडी बोटांच्या पेरांवरून झिजते. एकाच्या पायात कोल्हापुरी होती. तिच्याबद्दल वाकडा शब्द नको, पण कातडं खाऱ्या पाण्यात भिजून उन्हात वाळलं की कडक होतं आणि अंगठ्याजवळ चावतं. या वाटेला पाठीमागे पट्टा असलेले सँडल, आणि सड्यासाठी व रस्त्यासाठी पाठीवर कोरडे बूट. टाच आणि करंगळी यांना निघण्याआधीच कागदी चिकटपट्टी लावायची, फोड आल्यावर नव्हे. दर थांब्याला सँडल काढून पट्ट्याखालची वाळू झाडायची. आलेला फोड लहान असेल तर तसाच झाकावा. मोठा, ठणकणारा असेल तर निर्जंतुक सुईने कडेला भोक पाडून पाणी काढावं, वरची कातडी मात्र सोलू नये.

आणखी तिघांचा उजवा गुडघा बाहेरच्या अंगाने दुखत होता. तिघांचाही उजवाच, हा योगायोग नव्हता. दक्षिणेकडे चालताना समुद्र उजवीकडे, किनारा उजवीकडे उतरता, म्हणजे उजवा पाय दिवसभर खालच्या पायरीवर पडतो. भरतीला वरची वाळू जास्त तिरकी असते, सुकतीला खालचा पट्टा जवळजवळ सपाट. पुन्हा गोष्ट तिथीवरच येते.

दुसरा दिवस

नवमी. भरती सकाळी सहाच्या पुढे, आणि गट निघाला सहा चाळीसला, बरोबर मऊ वाळूच्या वेळेला. फोडवाले सात जण गाडीत. गाडी मालवणहून नेरूरपारच्या पुलावरून वळसा घालून आदल्या संध्याकाळीच निवतीला आली होती, हे त्यातल्या त्यात बरं.

खवण्याच्या खाडीपाशी पावणेदहा वाजले. भरती होऊन साडेतीन तास. अशा वेळी, भरती-ओहोटीच्या मधोमध, खाडीच्या तोंडाला ओढ सगळ्यात जास्त असते आणि ती समुद्राकडे. दोघं तोंडापाशीच उतरले, कारण तिथे पाणी अरुंद दिसत होतं. अरुंद आहे म्हणूनच तिथे ओढ जास्त आणि खोलीही जास्त, हे उतरल्यावर कळलं. पाणी मांडीपर्यंत आलं, ते परत फिरले, आणि काठाच्या खडकाला चिकटलेल्या कालवांवर एकाचा तळवा कापला. कालवाची कड ब्लेडसारखी असते. जखम प्यायच्या पाण्याने भरपूर धुवायची, शिंपल्याचे कण काढायचे, घट्ट बंद करायची नाही, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी. वेंगुर्ल्यात ते झालं.

खाडी पायी उतरायचीच असेल तर सुकतीच्या तळाला, पाणी थबकलेलं असताना, तोंडापासून आत जिथे पात्र पसरट आहे तिथे, आणि गावातल्या माणसाला विचारून. पायात सँडल हवेतच. पाऊल उचलून टाकण्यापेक्षा तळाशी घासत न्यायचं, म्हणजे वाळूत दबलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) बाजूला सरकतं. पाकटाचा काटा लागलाच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास ते दीड तास बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरायचं नाही, होडी किंवा वळसा. गटाने शेवटी गावातून रस्त्याने वळसा घेतला, त्यात तास गेला.

दुपारी एकला केळूसच्या पुढे एका काकांना पोटऱ्यांत गोळे आणि चक्कर. प्रत्येकाकडे एक लिटरची बाटली होती. कोकणातलं फेब्रुवारीचं ऊन कोल्हापूरच्या मार्चसारखं, वर हवा दमट, घाम वाळत नाही आणि किती गेला ते कळत नाही. माणशी चार लिटर धरायचं, सव्वीस जणांना एकशे चार, म्हणजे वीस लिटरचे पाच जार आणि थोडं. क्षारसंजीवनीचा एक पुडा एक लिटरमध्ये. पुडा नसेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कोकम सरबत, शहाळं जरूर प्यावं, पण मिठाची भर हवीच. काकांना सावलीत आडवं करून, पाय वर, घोट घोट पाणी दिल्यावर अर्ध्या तासात बरं वाटलं. तिथून दहा जण गाडीत बसले. उरलेले नऊ जण संध्याकाळी सातला वेंगुर्ल्यात पोचले.

तिसरा दिवस का जमला

दशमी, सुकती एकच्या सुमारास. या वेळी कुणीतरी सकाळी मच्छीमारांना विचारलं आणि क्रम उलटा केला. सकाळच्या भरतीत गावातून, उभादांड्याच्या वाडीतून, रस्त्याच्या उजव्या कडेने समोरची वाहनं बघत गेले. मोचेमाडची नदी पुलावरून पार केली आणि साडेदहानंतर, पाणी हटल्यावर, आरवलीच्या वाळूवर उतरले. ऊन लागलं, पण पाय टिकले. दीडला वेळागर. १९३० च्या मे महिन्यात मिठाचा सत्याग्रह झाला ते शिरोडा हेच.

हीच वाट पुन्हा, दुरुस्त करून

तिथी द्वितीया, तृतीया, चतुर्थी. मालवणला सुकती अनुक्रमे पावणेसात, साडेसात आणि सव्वाआठच्या आसपास येते. उधाण नुकतंच सरलेलं, त्यामुळे पट्टा रुंद. सुकतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास टणक वाळू धरायची. वद्य पक्षातल्या या तिथी मिळाल्या तर आणखी चांगलं: पहाटे चंद्र पश्चिमेला समुद्रावर असतो, बॅटरी लागत नाही. वायंगणीकडे कासवांची अंडी घालण्याची हीच मोसम, तिथे अंधारात पांढरे झोत टाळायचेच असतात. शनिवार-रविवारी या तिथी येत नसतील तर सोमवारची रजा टाकावी.

शुक्रवारी सकाळी कोल्हापूर सोडावं, दुपारी किल्ला, रात्री नऊला झोप. शनिवारी पावणेसहाला पाऊल, नऊच्या सुमारास देवबाग. इथे एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही: चालणाऱ्याला सुकती हवी, होडीला नको. पाणी पार गेलं की संगमावर वाळूचे दांडे वर येतात आणि होडी रुतते किंवा लांबून फिरते. सुकतीनंतर दोन-अडीच तासांनी पाणी पुरेसं चढलेलं असतं, म्हणून नऊची वेळ. होडीवाल्याला आठवडाभर आधी सांगायचं, आदल्या संध्याकाळी पुन्हा फोन करायचा, आणि दोन होड्या ठरवायच्या. माणसं मोजायची ती चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा. निवतीची सोंड सड्यावरूनच, वाट दाखवायला गावातलं कुणीतरी सोबत, त्याला त्याच्या अर्ध्या दिवसाचे पैसे देऊन. सड्यावर काजू-आंब्याच्या बागांना दगडी गडगे आहेत. त्यावर चढू नये, दगड ढासळले की गुरं शिरतात आणि पुढच्या गटाला गावात कुणी उभं करत नाही.

सव्वीस जणांचे दोन गट, तेरा-तेराचे, पंधरा मिनिटांच्या अंतराने. प्रत्येकात पुढे वाट माहीत असणारा, शेवटी सगळ्यात दमदार आणि औषधांची पिशवी, आणि सगळ्यात सावकाश चालणारा माणूस पुढून दुसरा. रापण, होडी, खाडी, काहीही आडवं आलं की तीन शिट्ट्या, पुढचे थांबणार. पन्नास मिनिटं चाल, सात मिनिटं विसावा. अकराच्या आत त्या दिवसाची वाळू संपलेली हवी. दुसऱ्या दिवशी हे जमत नाही, म्हणून केळूसपर्यंत चालून दुपारी थांबायचं आणि चारनंतर पाणंदीने, रस्त्याने पुढे.

गाडी नुसती "मुक्कामाला ये" म्हणून सोडू नये. ड्रायव्हरला कागदावर रोजच्या तीन जागा आणि वेळा द्याव्यात, जिथे डांबरी रस्ता किनाऱ्याला खरंच भिडतो अशा. तिसऱ्या दिवशीची शेवटची जागा आरवलीचं वेतोबाचं देऊळ. रस्त्यालगत आहे, सावली आहे, पाणी मिळतं, आणि ज्याचे पाय संपलेत त्याला वेळागरचे उरलेले किलोमीटर सोडून इथेच थांबता येतं. देव गावाच्या राखणीला रात्री पायी फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे, म्हणून नवसाला त्याला चपला वाहतात. देवळात हातभर लांबीचे ते जोड ओळीने मांडलेले दिसतात. सगळे चामड्याचे, पण वेतोबाची गस्त गावातून असते, ओल्या वाळूतून नाही.